लाल टोपण, नारिंगी टोपण

आमच्या फ्रिजच्या दारात सगळ्यात वरच्या कप्प्यात बाबांचं इन्सुलिन असतं. गेली अकरा वर्षं. शेजारी आईची लिंबाच्या लोणच्याची लहान बरणी आणि कोणाचे तरी डोळ्यांत घालायचे थेंब. गेल्या पावसाळ्यात त्या कप्प्यात आणखी एक बाटली आली. अंगठ्याच्या पेराएवढी, निळ्या टोपणाची. ती काय आहे हे घरात फक्त मला माहीत होतं. बायकोने विचारलं तेव्हा मी "बी-ट्वेल्व्ह" असं सांगून मोकळा झालो होतो.

मंडळाच्या अंकासाठी "तू पळतोस ना, मग फिटनेसवर काहीतरी लिही" असा निरोप आला. सकाळी लवकर कसं उठावं, बूट कोणते घ्यावेत, असं लिहिता आलं असतं. पण गेल्या वर्षभरात या विषयावर मला जे काही खरं कळलं ते त्या बाटलीमुळे कळलं, आणि ते फारसं अभिमानाचं नाही. तरी लिहितो, कारण आपल्यातल्याच दोन-तीन मुलांनी मला आडून आडून त्याबद्दल विचारलं आहे.

सुरुवात टाचेपासून झाली. चौतिसाव्या वर्षी मी पळायला लागलो. कामाटी बागेत सकाळी साडेपाचला जी मंडळी भेटतात त्यांच्यापैकी मीही एक. दोन वर्षांत दोनदा हाफ मॅरेथॉन झाली. तिसऱ्याच्या तयारीत मी अंतर भराभर वाढवलं, आठवड्याला २५ किलोमीटरवरून थेट ४५. व्हायचं तेच झालं. उजव्या टाचेच्या वर जी जाड दोरी हाताला लागते, ती अकिलीस टेंडन, सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की गंजलेल्या बिजागरीसारखी व्हायची. पंधरा-वीस पावलं लंगडल्यावर सुटायची. मग दिवसभर ठीक, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी दाबून पाहिलं, सोनोग्राफी करवली आणि सांगितलं, "फाटलेलं काही नाही. दुखणं जुनं होत चाललंय. बारा आठवडे व्यायाम करा." व्यायाम असा: जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर जायचं, आणि मग फक्त दुखऱ्या पायावर भार घेऊन टाच सावकाश पायरीच्या खाली न्यायची. १५ वेळा, असं तीनदा. मग तेच गुडघा थोडा वाकवून. दिवसातून दोनदा. हिशेब केला तर रोजचे १८०. या व्यायामामागे स्वीडनमधल्या उमेओ इथले अस्थिरोगतज्ज्ञ हाकन आल्फ्रेडसन आहेत. त्यांची गोष्ट सांगतात ती मजेदार आहे. त्यांचं स्वतःचं टेंडन दुखत होतं, वरिष्ठ काही ऑपरेशन करायला तयार होईनात, तेव्हा ते तुटावंच, मग ऑपरेशन करावंच लागेल, अशा हट्टाने त्यांनी त्यावर भार टाकायला सुरुवात केली आणि टेंडन तुटायच्या ऐवजी बरं झालं. १९९८ साली त्यांनी १५ हौशी खेळाडूंवर बारा आठवड्यांचा हा प्रयोग प्रसिद्ध केला.

मला बारा आठवडे ऐकूच आले नाहीत. शर्यत नऊ आठवड्यांवर होती.

जिममधला एक मित्र, स्वभावाने अतिशय चांगला माणूस, हे आधी सांगून ठेवतो. त्याने खांद्यावर हात ठेवून गुजरातीत सांगितलं, "एक वार ट्राय करी जो." त्याच्या खांद्याला फरक पडला होता. औषधाचं नाव बीपीसी-१५७. कुरिअरने घरी येतं. साडेचार हजार रुपये.

मी इंजिनिअर. आधी वाचल्याशिवाय काही घेणार नाही असं मी स्वतःला बजावलं, आणि चार रात्री वाचलं. आता मागे वळून पाहताना कळतं की मी होकार आधी दिला होता आणि वाचन नंतर केलं. पण वाचलेलं सगळं वाया गेलं नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. तेच मणी लांबलचक माळेत ओवले आणि ती माळ घडी घालून नीट बसली की त्याला प्रोटीन म्हणतात. शरीरात या छोट्या माळा मुख्यतः निरोप्याचं काम करतात. प्रसूतीच्या कळा आणणारं ऑक्सिटोसिन ९ मण्यांचं. इन्सुलिन ५१ मण्यांचं. वजन आणि साखर कमी करणारी जी इंजेक्शनं सध्या प्रत्येक लग्नाच्या पंगतीत चर्चेला असतात, त्यांतली प्रमुख औषधंही पेप्टाइडच. म्हणजे "पेप्टाइड चांगलं की वाईट" हा प्रश्नच चुकीचा आहे. "गोळी चांगली की वाईट" असं आपण विचारत नाही.

बीपीसी-१५७ ही १५ मण्यांची माळ. माणसाच्या जठररसातल्या एका प्रोटीनचा हा तुकडा, असं सांगितलं जातं. त्यावरचं बहुतेक संशोधन क्रोएशियातल्या झाग्रेबमधल्या एका गटाचं आहे आणि बहुतेक उंदरांवरचं आहे. उंदरांचं अकिलीस टेंडन कापलं, हे औषध दिलं, आणि ते लवकर जुळलं. चित्रं पाहून मी खूश झालो. माणसांवरचे अभ्यास मोजकेच, तेही थोड्या लोकांवरचे. कुठल्याही देशाच्या औषध-नियामक संस्थेने ते माणसांसाठी मंजूर केलेलं नाही. अमेरिकेतल्या एफडीएने २०२३ साली ते औषधं बनवून देणाऱ्या फार्मसींसाठी सुरक्षिततेची शंका असलेल्या पदार्थांच्या यादीत टाकलं.

हे सगळं मी वाचलं होतं, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. अडाणीपणाने केलं असं म्हणायची सोय मला नाही. कापलेलं टेंडन आणि झिजून चिवट झालेलं टेंडन ही दोन वेगळी दुखणी आहेत, हेही त्यातच कुठेतरी लिहिलं होतं. पण ते वाक्य मी ज्या वेगाने ओलांडलं, त्या वेगाने मी कधी पळालो नसेन.

बाटलीत पांढरी भुकटी होती. लेबलवर इंग्रजीत बारीक अक्षरांत, "केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही." बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता. एक क्यूआर कोड होता, तो स्कॅन केल्यावर शुद्धतेचा दाखला उघडायचा, ९९ टक्क्यांच्या वरचा. त्या दाखल्यावरचा बॅच नंबर आणि बाटलीवरचा नंबर जुळतो का, हे मी पाहिलं नाही. ऑफिसात कोणी मला असं न तपासलेलं काहीतरी सर्व्हरवर चढवायला सांगितलं असतं तर मी मेलामेली केली असती.

टोचायला इन्सुलिनची सिरिंज लागते. ती घरात होतीच. बाबांच्या खोक्यातून चार काढल्या, चोरून. मित्राने पाठवलेल्या तक्त्यात लिहिलं होतं, १० च्या रेघेपर्यंत भरा. मी भरलं. बाथरूमचं दार लावून पोटाच्या चरबीत टोचलं. आजोबा लहानपणी दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाममंदिरात जायचे. प्रोफेसर माणिकरावांची शिस्त आणि हाड बसवण्याची त्यांची विद्या यांच्या गोष्टी सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. त्यांचा नातू बाथरूममध्ये बेसिनला टेकून सुई कशी धरायची याचा व्हिडिओ बघत होता. असो.

पाचव्या दिवशी सहज सिरिंजचा कागद वाचला आणि पोटात गोळा आला. हा भाग जरा सावकाश वाचा, कारण ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांना याचा उपयोग आहे.

इन्सुलिनच्या सिरिंज आपल्याकडे दोन प्रकारच्या मिळतात. एक ४० ची, लाल टोपणाची. एक १०० ची, नारिंगी टोपणाची. आपल्याकडे बाटलीतलं जे इन्सुलिन सर्रास वापरलं जातं त्यात एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, म्हणून त्याला लाल टोपणाची सिरिंज. परदेशात बहुतेक ठिकाणी १०० युनिटचं असतं, त्याला नारिंगी. रेघेवरचा आकडा तोच दिसला तरी आत येणारं पाणी वेगळं. १०० च्या सिरिंजवर १० ची रेघ म्हणजे ०.१ मिलिलिटर. ४० च्या सिरिंजवर १० ची रेघ म्हणजे ०.२५ मिलिलिटर. अडीच पट. मित्राचा तक्ता नारिंगी टोपणासाठी होता आणि मी लाल वापरत होतो. चार दिवस मी अडीच पट डोस घेत होतो, अशा वस्तूचा, जिचा एकपट डोस किती असावा हेही माणसांवर नीट ठरलेलं नाही.

१९९९ साली नासाचं मंगळाकडे गेलेलं एक यान एककांच्या गोंधळामुळे नष्ट झालं, हे उदाहरण कॉलेजात आम्हाला इतक्यांदा सांगितलं गेलं होतं की आम्ही त्याची चेष्टा करायचो.

मला काही झालं नाही. जरा चक्कर आल्यासारखं वाटलं, ती बहुधा भीतीची असावी. मी दुकानातून नारिंगी टोपणाच्या सिरिंजचं नवं पाकीट आणलं. बग सापडला, दुरुस्त केला, विषय संपला. पाकीट ठेवलं कुठे? आमच्याकडे सुया ज्या ड्रॉवरमध्ये राहतात तिथेच. हात आपोआप तिकडे गेला.

पुढच्या दोन आठवड्यांत टाच खरंच बरी वाटू लागली. सकाळचं लंगडणं पंधरा पावलांवरून पाचावर आलं. मी मित्राला मेसेज केला, तीन अंगठे आणि एक रॉकेट. आता विचार करतो तेव्हा दिसतं की त्याच दोन आठवड्यांत मी पळणंही पूर्ण थांबवलं होतं, जिन्यावरचा व्यायामही सुरू केला होता (अर्धामुर्धा का होईना), आणि ऑफिसचं मोठं काम संपल्याने रात्री सात तास झोपत होतो. एका रिलीजमध्ये चार बदल केले आणि सिस्टीम सुधारली, तर श्रेय कोणत्या बदलाचं, हे सांगणाऱ्याला आम्ही मीटिंगमधून बाहेर काढतो. इथे मी श्रेय देऊन बसलो, कारण साडेचार हजार त्याच बदलाला लागले होते.

याच सुमारास बाबांची साखर वाढायला लागली.

बाबा बँकेतून निवृत्त. त्यांची वही आहे, लाल रेघांची, त्यात रोजची उपाशीपोटीची साखर लिहिलेली असते. वर्षानुवर्षं १२० ते १४० च्या आत. ती एकदम १९० झाली. मग २३५. मग २६२. बाबांना वाटलं गणपतीचे मोदक. आईला वाटलं, हे दुपारी गुपचूप सेव-उसळ खाऊन येतात. दोघांत त्यावरून चांगलीच जुंपली. बाबा शपथा घेत होते, आई ऐकत नव्हती. रात्री ते चार-चार वेळा उठायला लागले. दिवसा पेपर वाचता वाचता डुलक्या. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सकाळचं इन्सुलिन २२ चं २६ करायला सांगितलं. तीन दिवसांनी ३०. तरी वहीतला आकडा हलेना.

मी त्या दिवसांत काय करत होतो? बाबांना म्हणत होतो, "चालत जा जरा बाबा, नुसते बसून असता." 

रविवारी सकाळी मी चहा घेत होतो आणि बाबा डायनिंग टेबलावर बसून इन्सुलिन भरत होते. नेहमीचं दृश्य, मी पाहिलंही नसतं. सुई टोचून झाल्यावर ते म्हणाले,

"या तू आणलेल्या सुया फार चांगल्या आहेत हं. टोचल्याचं कळतसुद्धा नाही. माझं पाकीट संपलंच होतं, म्हटलं बरं झालं, पोराने लक्ष ठेवून आणून ठेवल्या."

टेबलावर नारिंगी टोपण पडलं होतं.

मी काय हिशेब केला तो सांगतो, कारण तो डोक्यात एका क्षणात झाला आणि नंतर कित्येक दिवस होतच राहिला. ४० च्या इन्सुलिनची बाटली, १०० ची सिरिंज, २२ ची रेघ. ०.२२ मिलिलिटर. गुणिले ४०. ८.८ युनिट. बावीसच्या जागी नऊसुद्धा नाही. अकरा दिवस. आणि दुसरा हिशेब त्याहून वाईट. डॉक्टरांनी वाढवून ३० केलं होतं, म्हणजे बाबांच्या अंगात प्रत्यक्षात १२ जात होतं. आईने आदल्याच दिवशी मेडिकलमधून लाल टोपणाचं नवं खोकं आणून ठेवलं होतं. नारिंगी पाकिटात दोन सुया उरल्या होत्या. म्हणजे सोमवारी किंवा मंगळवारी बाबांनी लाल सिरिंज उघडून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ३० च्या रेघेपर्यंत भरलं असतं. १२ वरून एकदम ३०. साखर खाली कोसळली असती, कदाचित ते एकटे भाजी आणायला गेलेले असताना.

मला फरक माहीत होता. घरात फक्त मलाच माहीत होता. पाच दिवस माझ्यावर हीच चूक झाली होती, मी ती पकडली होती, स्वतःपुरती दुरुस्त केली होती, आणि तोच सापळा बाबांच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिला होता.

मी सगळं सांगितलं. बी-ट्वेल्व्हपासून. आई काही बोलली नाही, उठून कुकर लावायला गेली. कुकर लावायची वेळ नव्हती. बायको म्हणाली, "मला खोटं सांगितलंस, ते आपण नंतर बोलू." ते आम्ही नंतर बोललो, ते इथे लिहीत नाही. बाबा बराच वेळ नारिंगी टोपण बोटांत फिरवत बसले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्यासाठी नव्हत्या आणल्यास."

मला आजपर्यंत याला उत्तर सुचलेलं नाही.

डॉक्टर त्याच दिवशी घरी आले. आमच्या घरचेच झालेत ते, आईला वहिनी म्हणतात. त्यांनी आधी बाबांचं पाहिलं. लाल टोपण, पुन्हा २२, आणि आठवडाभर दिवसातून चार वेळा साखर तपासायची. मग माझ्याकडे वळले. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी निळ्या टोपणाची बाटली उजेडात धरून विचारलं, "यात काय आहे?"

मी नाव सांगितलं.

"ते लेबलवर आहे. आत काय आहे?"

मी क्यूआर कोडबद्दल बोलायला लागलो आणि मध्येच थांबलो. मग उंदरांवरचे प्रयोग सांगितले. त्यांनी नीट ऐकून घेतलं, चेष्टा केली नाही. म्हणाले, "उंदरांच्या टाचा बऱ्या झाल्या, चांगलं झालं. मग पुढचं माणसांवर कोणी का केलं नाही, हे तुला विचारावंसं वाटलं नाही?" जाताना एक गोष्ट त्यांनी सांगितली ती माझ्या वाचनात निसटली होती किंवा मी निसटू दिली होती. प्राण्यांमध्ये हे द्रव्य नव्या रक्तवाहिन्या वाढवतं असं दिसतं, आणि जखम भरायला त्या लागतातच. पण कुठे एखादी गाठ गुपचूप वाढत असेल तर तिलाही त्याच लागतात. माणसात असं होतं असा पुरावा नाही. होत नाही, असाही नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी इन्सुलिनचा इतिहास वाचत बसलो. जानेवारी १९२२, टोरांटो. लेनर्ड थॉम्पसन नावाचा १४ वर्षांचा मुलगा, मधुमेहाने मरायला टेकलेला. बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडापासून काढलेल्या अर्काचं पहिलं इंजेक्शन त्याला ११ जानेवारीला दिलं. साखर थोडीशीच उतरली आणि टोचलेल्या जागी गळू झालं. अर्क अशुद्ध होता. थांबले. जेम्स कॉलिप नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने रात्रंदिवस खपून तोच अर्क शुद्ध केला, आणि २३ जानेवारीला पुन्हा दिला तेव्हा साखर उतरली आणि पोरगा वाचला. पेप्टाइड तेच, मुलगा तोच. मधले बारा दिवस शुद्धतेचे. माझ्या बाटलीच्या मागे असे बारा दिवस कोणी घालवले होते की नाही, हे मला सांगता येत नव्हतं. बाबांच्या बाटलीच्या मागे शंभर वर्षं आहेत, आणि तरीसुद्धा चुकीच्या सिरिंजने ती अकरा दिवस निकामी होऊ शकली.

मी पेप्टाइडच्या विरोधात नाही, हे पुन्हा सांगतो. माझ्या मावशीचा मणका ठिसूळ होऊन पिचला तेव्हा तिला टेरिपॅराटाइडची इंजेक्शनं दिली. तेही ३४ मण्यांचं पेप्टाइडच, हाड नव्याने घडवणारं. त्याचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. उंदरांवरच्या चाचण्यांत हाडाच्या गाठी दिसल्या, म्हणून २००२ साली अमेरिकेत परवानगी देताना त्यावर ठळक इशारा छापला गेला आणि साधारण दोन वर्षांची मर्यादा आली. मग वर्षानुवर्षं औषध घेतलेल्या माणसांवर लक्ष ठेवलं गेलं, त्यांच्यात तसं वाढलेलं दिसलं नाही, आणि २०२० साली तो इशारा काढला. मावशी ते घेत होती तेव्हा डॉक्टर दर काही महिन्यांनी कॅल्शियम तपासत होते, तारखा लिहीत होते, आणि कधी थांबायचं हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. मी सुरू केलं तेव्हा कधी थांबायचं हे ठरवलंच नव्हतं. बाटली संपेपर्यंत, आणि बरं वाटलं तर दुसरी.

आता ज्यांनी आडून आडून विचारलं त्यांच्यासाठी. माझा भाचा राज्य पातळीवर खो-खो खेळतो. त्याला कुठूनतरी कळलं आणि त्याने फोन केला, "मामा, तू घेतलंस ना? माझा गुडघा..." त्याला मी जे सांगितलं ते इथेही सांगतो. 'वाडा' ही जागतिक उत्तेजकविरोधी संस्था (आपल्या चौसोपी वाड्याशी संबंध नाही) बीपीसी-१५७ ला २०२२ पासून बंदी घातलेल्या यादीत धरते. टीबी-५०० म्हणून जे विकतात, ते आणि शरीरातलं वाढ-संप्रेरक वाढवणारी सीजेसी, इपामोरेलिन वगैरे मंडळीही बंदच. ऑस्ट्रेलियात एसेंडन नावाच्या फुटबॉल क्लबच्या खेळाडूंना २०१२ च्या हंगामात क्लबच्याच कार्यक्रमात इंजेक्शनं दिली गेली. २०१६ च्या जानेवारीत क्रीडा लवादाने थायमोसिन बीटा-४ या पेप्टाइडसाठी ३४ खेळाडूंना दोषी ठरवलं आणि दोन वर्षांची बंदी घातली. हे चालतं असं आम्हाला सांगण्यात आलं होतं, हे त्यांचं म्हणणं त्यांना वाचवू शकलं नाही. अंगात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. क्लबची नाही, कोचची नाही, मामाची तर नाहीच. भाचा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग गुडघ्याचं काय करू?" मी त्याला माझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंचा नंबर दिला. त्यांनी त्यालाही बारा आठवडेच सांगितले. त्याने मला रागाचे तीन चेहरे पाठवले.

बाबांची साखर दहा दिवसांत ताळ्यावर आली. लाल रेघांच्या वहीत त्या अकरा दिवसांच्या आकड्यांभोवती त्यांनी चौकट काढली आहे आणि समासात लिहिलं आहे, "सिरिंज". माझं नाव लिहिलेलं नाही. आईने सेव-उसळीच्या आरोपाबद्दल त्यांची माफी मागितली नाही, पण एका रविवारी स्वतःच बाहेरून सेव-उसळ मागवली, त्यांना वाटीभर वाढली. निळ्या टोपणाची बाटली आणि माझ्या वापरलेल्या सुया डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्यातल्या कचऱ्यात टाकायला नेल्या. जाण्याआधी बाबा म्हणाले, "थांब, त्याच्यावर काय लिहिलंय ते एकदा वाचून दाखव." मी वाचून दाखवलं. केवळ संशोधनासाठी. "मग संशोधन काय निघालं?" त्यांनी विचारलं. ते हसत नव्हते, पण अगदी रागातही नव्हते.

ती शर्यत मी धावलो नाही. नवलखीच्या मैदानावर जाऊन मित्रांना पाणी वाटलं.

मांजलपूरच्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात मी रोजचे १८० सुरू केले ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. पहिले तीन आठवडे टाच जास्तच दुखली. बाईंनी तसं आधीच सांगितलं होतं. सातव्या आठवड्यात एका सकाळी मी न लंगडता स्वयंपाकघरात पोचलो आणि चहा ओतून झाल्यावर ते लक्षात आलं. अजूनही थंडीत टाच आखडते. पळणं सहा किलोमीटरपर्यंत आलं आहे, त्यापुढे जायची घाई करायची नाही असं घरच्यांनी ठरवून दिलं आहे.

सकाळी मी पायरीच्या कडेवर उभा असतो तेव्हा बाबा वरच्या पायरीवर पेपर घेऊन बसतात. मोजायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे. बँकेतला माणूस, पण मोजण्यात चुकतात, चौदा झाल्यावर पेपरातली बातमी वाचून दाखवतात आणि मग म्हणतात, "हं, अकरा." मी म्हणतो, "बाबा, चौदा झाले." ते पेपर न हलवता म्हणतात, "मी मोजतोय ना."